शुद्ध स्वरांतला विलाप

बायको दुसऱ्यांदा मेली आहे. पहिल्यांदा साप चावून, आणि आता नवऱ्याने मागे वळून पाहिलं म्हणून. तो तिच्या देहाशेजारी गायला लागतो आणि गातो ते सी मेजरमध्ये. आपल्या हिशेबाने हा बिलावल थाट. सातही स्वर शुद्ध, कोमल एकही नाही. सकाळी खिडकी उघडावी तसा लख्ख स्वरसमूह. आणि शब्द असे, की एउरिदीचेवाचून मी काय करू, माझ्या जिवलगावाचून कुठे जाऊ.

18 व्या शतकातला संगीतकार ख्रिस्तोफ विलिबाल्ड ग्लुक याच्या 'ऑर्फेओ एद एउरिदीचे' या ऑपेरातली ही आरिया, म्हणजे एकट्याने गायचं पद, 'के फारो सेन्झा एउरिदीचे'. गेली काही वर्षं मी तिची वेगवेगळी ध्वनिमुद्रणं ऐकतो आहे. सूर तेच, शब्द बहुतेक तेच, आणि तरी एका ध्वनिमुद्रणात माणूस कोसळलेला असतो, दुसऱ्यात तो स्वतःला सावरत असतो, तिसऱ्यात तर त्याला काय झालंय हे अजून पुरतं कळलेलंच नसतं. एवढा फरक येतो कुठून, याचा छडा लावण्यात मला फार रस आहे.

माझा कान पेटीवर आणि रेडिओवरच्या मैफलींवर वाढला. अशा कानाला करुणेच्या जागा ठरलेल्या असतात. कोमल गंधार आला, कोमल धैवत आला की मन आपोआप तयारीत राहतं. बिलावलात रडणाऱ्या माणसाशी काय करायचं हे त्या कानाला चटकन उमगत नाही. पण युरोपातल्या कानालाही ते सहज उमगलेलं नव्हतं. या आरियेवर तिकडे शे-दीडशे वर्षं वाद झाला, आणि तो वाद ऐकण्यासारखा आहे.

आधी प्रसंग. व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये 5 ऑक्टोबर 1762 रोजी हा ऑपेरा पहिल्यांदा झाला. निमित्त होतं सम्राट पहिला फ्रान्झ याच्या नामदिनाचं. संहिता रानिएरी दे' काल्झाबीजी याची. त्या काळचा इटालियन ऑपेरा गायकांच्या ताब्यात गेलेला होता. आरियेचा पहिला भाग पुन्हा यायचा तेव्हा गायक त्यावर ताना, मुरक्या, कंप यांचा एवढा साज चढवी की नायकाचं दुःख बाजूला राही आणि टाळ्या गळ्याच्या करामतीला पडत. ग्लुक आणि काल्झाबीजी यांना हे मोडून काढायचं होतं. त्यांना गायकही तसाच मिळाला. गाएतानो ग्वादान्यी हा आल्टो, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीत गाणारा कास्त्रातो, आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच खच्ची केलेला गायक. लंडनला असताना डेव्हिड गॅरिकसारख्या नटाकडून त्याने अभिनयाचे धडे घेतले होते. पुढे लंडनच्या प्रेक्षकांना तो रुचेना, कारण टाळ्या पडल्या तरी तो भूमिका सोडून वाकून नमस्कार करत नसे आणि 'वन्स मोअर' देत नसे. आपल्या संगीत नाटकांच्या इतिहासात 'वन्स मोअर'ची जी गंमत आणि जो जाच होता, तो ठाऊक असलेल्या माणसाला ग्वादान्यीचं मोल लगेच कळेल.

कथा आपल्याला अगदीच परकी नाही. महाभारताच्या आदिपर्वात रुरू आणि प्रमद्वरा आहेत. प्रमद्वरेला लग्नाआधीच साप चावतो, आणि रुरू आपलं अर्धं आयुष्य देऊन तिला परत आणतो. ऑर्फेओकडे देण्यासारखं आयुष्य नाही, गाणं आहे. तो पाताळात जातो, तिथल्या भयंकर शक्तींना गाऊन विरघळवतो, आणि त्याला बायको परत मिळते ती एका अटीवर. बाहेर पडेपर्यंत तिच्याकडे पाहायचं नाही, आणि का पाहत नाही हेही सांगायचं नाही. काल्झाबीजीने अटीचा हा दुसरा भाग फार नेमका वापरला आहे. एउरिदीचे चालता चालता विचारत राहते, माझ्याकडे बघत का नाहीस, तुझं प्रेम आटलं का, मग मला मरणातून उठवलंस कशाला. शेवटी त्याच्याने राहवत नाही. तो वळतो आणि ती पडते. ही आरिया त्यानंतरची. म्हणजे तिच्यात दुःखाच्या जोडीला अपराधही आहे. आपल्याच नजरेने ती गेली, हे त्याला माहीत आहे.

आणि तरी सी मेजर.

1854 साली व्हिएन्नाचा समीक्षक एदुआर्द हान्सलिक याने संगीतातल्या सौंदर्यावर एक छोटं पण जबरदस्त पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की संगीत स्वतःहून कुठलीही ठरावीक भावना सांगत नाही. पुरावा म्हणून त्याने हीच आरिया पुढे केली. फ्रेंच आवृत्तीत ऑर्फेओ म्हणतो, मी माझी युरिडिस गमावली, माझ्या दुर्दैवाला तोड नाही. ग्लुकच्याच काळातल्या बॉये नावाच्या लेखकाचा दाखला देऊन हान्सलिक म्हणतो, याच सुरांवर 'मला माझी युरिडिस सापडली, माझ्या भाग्याला तोड नाही' हे शब्द बसवून पाहा. बिनबोभाट बसतात. उलट अधिकच शोभतात. हजारो माणसांच्या डोळ्यांत पाणी आणणारं गाणं आनंदाचंही असू शकतं, तर त्यातलं दुःख सुरांचं की शब्दांचं?

मी हा प्रयोग करून पाहिला आहे. आरियेची चाल नुसती पेटीवर वाजवली, जरा जलद, हात हलका ठेवून. हान्सलिक खरं सांगतो आहे. चाल आनंदी होते, थोडी खेळकरसुद्धा. मग तीच चाल थोडी सावकाश, भाता जपून, काही स्वरांवर किंचित रेंगाळत वाजवली, आणि घशात दाटून आलं. शब्द दोन्ही वेळा नव्हते. तेव्हा हान्सलिकचा निम्मा दावा मला मान्य आहे. दुःख स्वरांच्या यादीत नाही. पण म्हणून ते शब्दांतच आहे, असंही ठरत नाही. मधे एक मोठा प्रदेश उरतो, लय, श्वास, जोर, ठहराव यांचा.

गंमत अशी की ग्लुकला हे हान्सलिकच्या चौऱ्याऐंशी वर्षं आधीच ठाऊक होतं. 1770 साली 'पारिदे एद एलेना' या पुढच्या ऑपेराच्या प्रस्तावनेत त्याने स्वतःच या आरियेचं उदाहरण दिलं. म्हणण्याच्या ढंगात जरासा बदल केला की तिचं कळसूत्री बाहुल्यांचं नाचगाणं होईल, असं तो लिहितो. एखादा स्वर गरजेपेक्षा लांबला किंवा आखूड झाला, लय थोडी रेटली गेली, एखादी मुरकी नको तिथे पडली, तर अख्खा प्रवेश कोसळतो. म्हणून असलं संगीत सादर होताना रचनाकार स्वतः हजर हवा, असा त्याचा आग्रह होता. मला या कबुलीचं फार वाटतं. आपल्या गाण्यातलं दुःख कागदावर पुरतं उतरलेलं नाही, ते गाणाऱ्याच्या हवाली केलेलं आहे, हे त्याने मान्य केलं. आणि तो तर 1787 साली वारला. त्यानंतरचं प्रत्येक सादरीकरण, प्रत्येक ध्वनिमुद्रण हे त्याच्या गैरहजेरीत घेतलेल्या निर्णयांचं बनलेलं आहे.

त्यातला पट्टीचा निर्णय आधी निकालात काढतो. 18 व्या शतकातल्या जर्मन लेखकांनी प्रत्येक पट्टीला स्वभाव चिकटवला होता, आपल्याकडे रागांना प्रहर आणि रस चिकटवतात तसा. शूबार्ट नावाच्या कवी-संगीतकाराने सी मेजरचं वर्णन निर्मळ, निष्पाप, साधी, लहान मुलांची बोली असं केलं आहे. ते मला या आरियेला विलक्षण लागू वाटतं. 'काय करू, कुठे जाऊ' हे हरवलेल्या पोराचेच प्रश्न आहेत. पण शूबार्टवर फार भिस्त ठेवता येत नाही, कारण 1774 मध्ये पॅरिसला हा ऑपेरा नव्याने करताना ग्लुकने स्वतःच ही आरिया एफ मेजरमध्ये नेली. तिथे नायक कास्त्रातो नव्हता, जोसेफ लग्रो हा उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक होता, म्हणून. म्हणजे पेटीवर पांढरी एकवरून पांढरी चारवर, गायकाच्या सोयीने. आपल्या गवयांना यात काहीच वावगं वाटणार नाही. 1859 मध्ये फ्रेंच संगीतकार बर्लिओझने पोलीन व्हिआर्दो या गायिकेसाठी दोन्ही आवृत्त्या जुळवून घेतल्या, तेव्हा आरिया पुन्हा सी मेजरवर आली. शिवाय जुन्या वाद्यांवर वाजवणारे आजचे काही वाद्यवृंद जुळवणीचा 'ए' हा स्वर सेकंदाला 440 ऐवजी 415 कंपनांवर लावतात, तेव्हा कागदावरचा सी कानाला जवळजवळ अर्धा स्वर खाली ऐकू येतो. जुन्या तबकड्यांचं तर विचारूच नका. तबकडी सहा टक्के वेगाने जास्त फिरली की पट्टी अर्धा स्वर चढते, लयही तेवढीच वाढते आणि आवाज तरुण होतो. इंटरनेटवर एकाच तबकडीच्या दोन प्रती ऐकल्या तर कधी कधी दोन वेगळ्या मनःस्थिती ऐकायला मिळतात, त्याचं कारण इतकं साधं असू शकतं.

पट्टी बदलूनही गाणं तेच राहतं. लय बदलली की ते गाणं राहत नाही. माझा सगळा जीव या लयीच्या मुद्द्यात आहे.

आरियेची बांधणी आपल्या भावगीतासारखी आहे. ध्रुवपद, अंतरा, ध्रुवपद, दुसरा अंतरा, पुन्हा ध्रुवपद. ध्रुवपदाला लय दिली आहे ती आंदान्ते, चालती, ना विलंबित ना द्रुत. तंतुवाद्यं खाली एकसारखी चालत राहतात. पहिल्या अंतऱ्यात तो तिला नावाने हाक मारतो, एउरिदीचे, एउरिदीचे, आणि तिथे ही चाल अडखळते. तो थांबतो, कारण उत्तराची वाट पाहतो आहे. उत्तर येत नाही. 'मी तर अजून तुझाच आहे' असं सांगून तो ध्रुवपदावर परततो. दुसऱ्या अंतऱ्यात पुन्हा हाक, आणि या वेळी लय अदाज्योवर येते, म्हणजे आणखी संथ. याच जागी सी मेजरचा सी मायनर होतो. कोमल गंधार आणि कोमल धैवत येतात, ज्यांची माझा कान सुरुवातीपासून वाट पाहत होता. शब्द आहेत की आता मदत नाही, आशा नाही, ना पृथ्वीकडून ना स्वर्गाकडून. काही मात्रांपुरतं खोल विवर उघडतं. आणि मग ध्रुवपद परत येतं, त्याच शुद्ध स्वरांत, वर एक दागिनाही न चढवता.

म्हणून मला वाटतं की ध्रुवपद फार संथ गाणं हा या आरियेवरचा अन्याय आहे. दुःखाचं गाणं आहे, तेव्हा गाडी हळू हाकू, असा विचार होतो आणि 20 व्या शतकाच्या पूर्वार्धातली कित्येक ध्वनिमुद्रणं तशी आहेत. पण ध्रुवपदच अदाज्योच्या गतीने गायलं तर अदाज्यो आल्यावर जायचं कुठे? हाकेपाशी थांबायचं तर आधी चालत असायला हवं. संथ ध्वनिमुद्रणांत दुसरा अंतरा येतो आणि जातो, विवर उघडल्याचं कळतही नाही, कारण आपण मघापासून तळाशीच बसलेलो असतो.

याला माझ्याकडे संगीताबाहेरचाही एक आधार आहे. मावशी गेली त्या दिवशी काका रडले नाहीत. ते घरभर चालत होते. कपाटं उघडत होते, बंद करत होते. विचारत होते, गॅसचं पुस्तक कुठे असतं, दूधवाल्याला आता किती सांगायचं, तिच्या गोळ्या परत घेतात का दुकानात. आवाज अगदी नेहमीचा, स्वच्छ, थोडा घाईतला. प्रत्येक प्रश्न वाजवी होता आणि प्रत्येक प्रश्न एकच होता. मधेच त्यांनी सवयीने तिला हाक मारली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मग पुन्हा चालायला लागले. दुःखाला संथ लय नंतर येते, माणसं पांगल्यावर, तेराव्यानंतर. पहिल्या तासाची लय वेगळी असते, आणि ऑर्फेओ पहिल्या तासात आहे. पहिल्या मिनिटात, खरं तर. काय करू, कुठे जाऊ, हे बसून म्हणायचे प्रश्न नाहीत.

आता माझ्या या सिद्धांतासमोर एक बाई उभी आहे आणि तिच्यापुढे मला दर वेळी नमावं लागतं. कॅथलीन फेरिअर. जन्म 1912 चा, इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातल्या हायर वॉल्टन गावातला. वडील शाळामास्तर. ती ब्लॅकबर्नला टेलिफोन ऑपरेटरचं काम करत होती, पियानो उत्तम वाजवायची, गाण्याकडे उशिरा वळली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती कारखान्यांतून आणि लहान लहान गावांतून गात फिरली. 1946 साली तिने ही आरिया इंग्रजी शब्दांत डेका या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी गायली. सोबत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, संचालन माल्कम सार्जंट यांचं. डेकाच्या अभियंत्यांनी युद्धात पाणबुड्यांचे आवाज ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी ध्वनिमुद्रणाचं नवं तंत्र बसवलं होतं. खर्जापासून तारापर्यंतचा फार मोठा पल्ला त्यात पकडता येई. युद्ध संपल्यावर ते तंत्र गाण्याच्या वाट्याला आलं, आणि फेरिअरच्या काँट्राल्टो, म्हणजे बायकांच्या सर्वांत खालच्या पट्टीतल्या आवाजाचा खालचा, काळाभोर भाग लाखेच्या तबकडीवर उतरला तो त्यामुळे.

बारा इंची तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटंच मावत. अख्खी आरिया तेवढ्यात बसवायची म्हणजे फार रेंगाळण्याची चैन नव्हतीच. तरी फेरिअरची लय आजच्या मानाने संथ आहे. माझ्या हिशेबाने ती चुकायला हवी होती. चुकत नाही. का चुकत नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. एक कारण म्हणजे ती सूर ढवळत नाही. संथ लयीत गायक लांब स्वर भरून काढायला कंप वाढवतात, हुंदके घालतात, स्वराला खालून ओढत आणतात. फेरिअर स्वर ठेवते आणि तो तिथे राहतो. दुसरं म्हणजे तिचं वाक्य कधी तुटत नाही. श्वास घेतला तरी अर्थ पुढेच जात असतो. त्यामुळे घड्याळाने मोजली तर लय संथ, पण आत चाल आहे. आपल्याकडे विलंबितात लय धरून ठेवणाऱ्या गवयाबद्दल आपण जे आदराने बोलतो, तेच हे.

पण फेरिअर ऐकताना आपण आणखी काही ऐकतो, आणि त्याची छाननी करणं भाग आहे. 1951 साली तिला स्तनाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. 1953 च्या फेब्रुवारीत लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला ती ऑर्फेओची भूमिका करत होती, संचालक जॉन बार्बिरोली. 6 फेब्रुवारीला, दुसऱ्या प्रयोगात, रंगमंचावरच तिच्या मांडीचं हाड मोडलं. ती टेकून उभी राहिली आणि शेवटपर्यंत गायली. इतरांनी आपल्या हालचाली तिच्याभोवती जुळवून घेतल्या. प्रेक्षकांना पत्ता लागला नाही. तो तिचा अखेरचा प्रयोग. त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला, वयाच्या 41 व्या वर्षी ती गेली. हे एकदा कळलं की 1946 ची तबकडी कोरी ऐकता येत नाही. प्रत्येक स्वरात मोडलेलं हाड ऐकू येतं. पण ती तबकडी गाताना ती 34 वर्षांची, ठणठणीत, हसरी आणि नुकती नावारूपाला येत असलेली बाई होती. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. ती करुणा आपण बाहेरून आणून ओततो. मी आता जाणूनबुजून एकदा तसा ऐकतो आणि एकदा तरुण, निरोगी फेरिअर डोळ्यांसमोर आणून ऐकतो. दुसऱ्या खेपेला गाणं कमी हृदयद्रावक होतं, पण अधिक थोर होतं. तिथे फक्त तिची कला उरते.

चालत्या लयीतली आरिया ऐकायची तर जॉन एलिअट गार्डिनर यांनी 1762 ची व्हिएन्ना आवृत्ती जुन्या वाद्यांवर केली आहे, ती घ्यावी. गायक डेरेक ली रेगिन, काउंटरटेनर, म्हणजे बायकांच्या पट्टीत गाणारा पुरुष. त्या आवाजात फेरिअरचा भारदस्तपणा नाही, उलट एक उघडी नस आहे, आणि दुसऱ्या अंतऱ्यापाशी जमीन खरोखर सरकते. एफ मेजरमधलं फ्रेंच रूप मार्क मिंकोव्स्कीच्या ध्वनिमुद्रणात रिचर्ड क्रॉफ्टने गायलं आहे. पुरुषाच्या उंच पट्टीतला ताण तिथे कळतो, आणि कास्त्रातोच्या जागी बायका किंवा काउंटरटेनर ऐकण्याची सवय झालेल्या कानाला तो हवा. जॅनेट बेकर यांनी 1982 च्या जुलैत इंग्लंडमधल्या ग्लाइंडबर्न ऑपेरा महोत्सवात याच भूमिकेने ऑपेराच्या रंगमंचाचा निरोप घेतला. त्याचं चित्रीकरणही आहे. तिथे मी डोळे मिटत नाही, कारण बेकर यांचा चेहरा हाकेनंतरच्या शांततेत जे करतो ते कुठल्याही पट्टीत लिहिता येणार नाही.

हान्सलिकला मात्र माझं एक उत्तर द्यायचं राहिलं आहे. 'युरिडिस सापडली' हे शब्द या सुरांना बसतात, तर ते बसणारच, कारण काही मिनिटांत ती खरोखर सापडते. आरिया संपते, ऑर्फेओ जीव द्यायला निघतो, प्रेमदेव आमोरे त्याचा हात धरतो आणि एउरिदीचेला पुन्हा उठवतो. सम्राटाच्या नामदिनाला शोकान्त चालला नसता, हे खरं. पण बादशाही शिष्टाचार म्हणून हा शेवट झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. ग्लुकने विलाप अशा स्वरांत लिहिला की आनंद परत आला तर त्याला वेगळं घर शोधावं लागू नये. ऑर्फेओला ते ठाऊक नाही. त्याच्या स्वरांना ठाऊक आहे. म्हणून कुणाला ही आरिया ऐकवायची झाली तर मी ती सुटी लावत नाही. तो मागे वळतो तिथपासून सुरू करतो आणि आमोरे येऊन जाईपर्यंत चालू ठेवतो.